बिबट्याचं निशाण

मी आयुष्यात तीन बायकांचा हेवा केला. पहिली माझी थोरली जाऊ. सासूने आपल्या हाताने तिला नथ दिली आणि मला नाही. दुसरी दुकानातली एक पोर्तुगीज बाई, तिचा हात मशीनवर माझ्यापेक्षा जलद चालायचा. त्या दोघींचा हेवा कधीच संपला. तिसरी माझी शेजारीण. तिचा मी अजून करते. तिला या देशाच्या राजाच्या नावाचं पदक मिळालं, आणि ते मिळायला माझं पत्र लागलं. पत्र लिहावं की लिहू नये, यात माझे आठ दिवस गेले. ते कसे गेले ते लिहून ठेवते.

आमची इमारत कापेलमध्ये आहे, रॉटरडॅमला चिकटून. सहा मजले, एका मजल्यावर आठ दारं, आणि सगळ्या दारांसमोरून जाणारी लांब उघडी गॅलरी. खाली हिरवळ, दोन बाकं आणि सायकलींचा गोठा. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. नवरा जहाजावर फिटर होता, मग इथल्या गोदीत लागला आणि त्याने मला कोकणातून बोलावून घेतलं. मी चौथी पास. रॉटरडॅमच्या एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात मी सत्तावीस वर्षं पँटी आखूड केल्या. डच माणसं एवढी उंच, तरी त्यांच्या पँटी त्यांच्याहून लांब. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दूर, न्यूनेन नावाच्या गावात असतो. तो इथेच वाढला, त्याला मराठी समजतं पण लिहिता येत नाही. त्याची बायको पुण्याची, कंप्युटरवाली, तिला सगळ्या भाषा येतात.

शेजारीण घानाची. तिथल्या अकान लोकांपैकी, त्यातल्या समुद्रकाठच्या. इस्पितळात फरशा पुसून निवृत्त झालेली. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अंगाने माझ्या दुप्पट. तिलाही नवरा नाही. एक मुलगी आहे, ती लंडनला. आम्ही दोघी मोडक्या डचमध्ये बोलतो. माझं डच दुकानातलं, तिचं इस्पितळातलं. मला कपड्यांचे सगळे शब्द येतात आणि तिला दुखण्यांचे. बाकीचं हातांनी भागवतो. इथे आमचं बोलणं मी मराठीत सरळ करून लिहिलं आहे. मुळात ते इतकं सरळ नव्हतं.

तिच्या घरी सोफ्याच्या वर एक निशाण टांगलेलं आहे. लाल कापड, त्यावर बिबट्या, बिबट्यासमोर बंदूक घेतलेला माणूस, आणि वरच्या कोपऱ्यात इंग्रजांचा झेंडा, कारण ते शिवलं तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी टाके पाहिले. मग कोपरा उलटून पाहिला. मागच्या बाजूलाही तोच बिबट्या, तेवढाच नीट. दोन्हीकडून कापडाचे तुकडे लावून टाके मधल्यामध्ये लपवलेले. असं काम मी कधी केलं नव्हतं. मला तेव्हाच थोडं लागलं.

"कुणी शिवलं?" मी विचारलं.

"आमच्या कंपनीचं आहे. माझ्या बापाने नाचवलंय ते."

"नाचवलं कुणी ते नाही विचारलं. शिवलं कुणी?"

तिने खांदे उडवले. "शिंप्याने."

कंपनी म्हणजे काय ते तिने मग सांगितलं. त्यांच्या भाषेत असाफो म्हणतात. तिच्या गावात अशा पाच कंपन्या. घर आणि जमीन आईकडून येते, पण मूल कंपनीत जातं ते बापाच्या. पूर्वी या कंपन्या लढाईला जायच्या. आता लढाई राहिली नाही. आता कुणी समुद्रात बुडालं तर शोधायचं, आग लागली तर धावायचं, झाडी तोडून रस्ता मोकळा करायचा, मेलेल्याला पोचवायचं. प्रत्येक कंपनीचा रंग ठरलेला आणि चित्रंही ठरलेली. एका कंपनीचं चित्र दुसरीने आपल्या निशाणावर घेतलं तर मारामारी. पूर्वी त्यात माणसं मेलेली आहेत. तिचा बाप निशाण नाचवणारा होता. ते अंगाभोवती फिरवायचं, पायाखालून काढायचं, पण जमिनीला लागू द्यायचं नाही. बापाचं सांगताना तिची मान ताठ व्हायची.

मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या गावात शिमग्याला पालखी निघायची. पहिला खांदा कुणाचा, निशाण कुणाच्या हातात, पहिला नारळ कुणाला, सगळं ठरलेलं. मानकऱ्यांची घरं वेगळी. आमचं घर त्यात नव्हतं. माझा बाप शिंपी. पालखीची झालर आणि निशाणाचं कापड तो शिवून द्यायचा आणि शिमग्याच्या दिवशी मागून चालायचा. झालर छान झाली आहे असं लोक मानकऱ्यांना सांगायचे.

करोनाच्या पहिल्या वर्षी सगळं बंद झालं, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मजल्यावरचा एक म्हातारा मेला. माझ्या दारापासून तिसरं दार. करोनाने नाही, हृदय बंद पडलं. तो तीन दिवस तसाच खुर्चीत होता. टीव्ही चालू होता. त्याच्या बहिणीने कुठूनतरी फोन केला तेव्हा दार उघडलं.

शेजारीण त्या दिवशी माझ्या दारासमोर दीड मीटर अंतरावर उभी राहिली. "तीन दिवस! माझ्या गावात असं झालं असतं तर कंपनीला तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"इथे कुठे आहे कंपनी?"

"उद्यापासून आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे चिंध्या किती आहेत?"

माझ्याकडे सत्तावीस वर्षांच्या चिंध्या होत्या. अस्तरं, पडदे, पँटींचे कापलेले पाय. तिने ठरवलं आणि मी शिवलं. प्रत्येक मजल्याला एक रंग आणि एक चित्र. आमचा दुसरा मजला हिरवा, त्यावर छत्री. चौथा निळा, त्यावर मासा. कुणाला कोंबडा, कुणाला किल्ली. एकूण अठ्ठेचाळीस निशाणं, तीन आठवड्यांत. माझी कंबर धरली. ती दारोदार फिरली, लांब उभं राहून लोकांना समजावलं, हसणाऱ्यांना दरडावलं, प्रत्येक मजल्यावर एक माणूस नेमला. नियम एवढाच होता की सकाळी दहाला ती गॅलरीत येऊन तव्यावर पळीने दोन ठोके देणार, तोवर प्रत्येकाने आपलं निशाण दारासमोरच्या कठड्याला लावायचं. निशाण दिसलं नाही तर मजल्याच्या माणसाने दार वाजवायचं. डच लोकांना नियम आवडतात. आठवड्याभरात सगळी इमारत दहा वाजता बाहेर. लोक तिला कॅप्टन म्हणायला लागले. मला कुणी काही म्हणायला लागलं नाही.

मी रोज दहाला खालच्या बाकावर जाऊन बसायची. सांगायची गोष्ट अशी की मी लोकांची काळजी करायला बसत नव्हते. मी माझं काम बघायला बसायची. सहा रंगांच्या सहा ओळी, वारा असला की सगळी एकदम हलायची. गिऱ्हाईक पँट घालून निघून जातं, आपलं काम पुन्हा दिसत नाही. हे मला रोज दिसत होतं.

मे महिन्यात एका सकाळी निळ्या ओळीत दात पडल्यासारखी जागा दिसली. चौथ्या मजल्याचा नेमलेला माणूस त्या दिवशी तापाने झोपून होता. मी खालून ओरडले, "कॅप्टन! निळं एक कमी आहे!"

ती तवा घेऊन कठड्याशी आली. "कुठलं?"

"कडेपासून तिसरं!"

तिचे गुडघे खराब, तरी ती दोन मजले चढली. दार बंद. पत्र टाकायच्या फटीला कान लावला तर आतून कण्हणं ऐकू आलं. एकटी राहणारी डच बाई आदल्या संध्याकाळी न्हाणीघरात पडली होती, खुबा मोडला होता. आगीचा बंब येऊन दार फोडेपर्यंत शेजारीण त्या फटीला तोंड लावून तिच्याशी बोलत होती, मध्येच गात होती. बाई वाचली. हे सगळं खरं आणि ते तिनेच केलं. पण निळं मी पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात गावच्या फुकट पेपरात मोठा फोटो आला. शेजारीण, हातात तवा, मागे माझी सहा रंगांची निशाणं. खाली लिहिलेलं मी सुनेकडून फोनवर वाचून घेतलं. शेजारणीच्या लक्षात आलं की एक निशाण नाही आणि म्हणून जीव वाचला, असं होतं. निशाणं कुणी शिवली याचा एक शब्द नव्हता. जणू ती झाडाला लागली होती.

मी तिच्या दारावर गेले. "निळं मी पाहिलं हे सांगितलं नाहीस?"

"कंपनीने पाहिलं."

"कंपनीला डोळे नाहीत. मला आहेत, दोन्ही मोतीबिंदू काढून घेतलेले."

"अगं, आमच्याकडे शिपायाने शत्रू धरून आणला तरी गाणं कॅप्टनच्या नावाचं होतं. आणि हरलो तर शिव्याही कॅप्टनलाच."

"मग फोटोत कंपनी का नाही?"

तिने दार ओढून घेतलं. पेपरवाल्याला फोन करून काही दुरुस्त केलं नाही.

मी घरी आले आणि हिरवं कापड घेतलं. दोन दिवस बसून माझ्या दाराचं नवीन निशाण शिवलं. छत्री नाही, बिबट्या. तिच्या बापाचा बिबट्या, वळलेल्या शेपटीसकट, दोन्ही बाजूंनी. दोन्ही बाजूंचं काम जमतं का ते बघायचं आहे, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं. मला तिला डिवचायचं होतं, आणि कुठे डिवचलं की लागतं ते मला तिनेच सांगितलं होतं.

दहाचे ठोके पडले. मी बिबट्या कठड्याला लावला. तिने पाहिला. तवा खाली ठेवला आणि आली.

"हे काय आहे?"

"निशाण."

"बिबट्या कुणाचा आहे?"

"माझा. मी शिवला."

"माझ्या बापाच्या कंपनीचा आहे तो! माझ्या गावात यासाठी डोकी फुटली आहेत."

"फोड मग. पण दीड मीटर लांबून फोड, नियम आहे."

पलीकडच्या दारातली एक मुलगी हसली. शेजारीण हसली नाही. मास्कच्या वर तिचे डोळे पाण्याने भरलेले दिसले. रागाचं पाणी. "काढ ते," ती म्हणाली. मी काढलं नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. ती रोज तवा वाजवायची, मी रोज बिबट्या लावायची.

मग जूनमध्ये तळमजल्यावरचे मास्तर आले. निवृत्त शिक्षक, वाळक्या काडीसारखे, हातात फाईल. दारात उभे राहून हळू आवाजात बोलायला लागले, कारण शेजारच्या दाराला ऐकू जायला नको होतं. या देशात दर वसंतात, राजाच्या वाढदिवसाच्या सुमारास, साध्या माणसांना पदकं देतात. नारिंगी फीत असते. शेजारणीचं नाव पाठवायचं होतं. तिला कळू द्यायचं नाही असा रिवाज आहे. ज्यांनी तिचं काम पाहिलं त्यांची पत्रं लागतात.

"तिघांची मिळाली आहेत," मास्तर म्हणाले. "पण ते सगळे लांबून पाहणारे. तुम्ही बरोबर काम केलंत. तुमच्या पत्रावाचून अर्ज लंगडा पडेल."

"पदक म्हणजे नक्की काय मिळतं?"

"पूर्वी राजे असे मान सरदारांना द्यायचे. लढाईत पराक्रम केला की. अजून त्याच पद्धतीच्या पायऱ्या आहेत, वरच्या पायरीला सरदारच म्हणतात."

"घोडा मिळतो?"

"नाही," मास्तर हसले. "तलवारही नाही. आणि यांना बहुधा सगळ्यात खालच्या पायरीचं मिळेल."

सगळ्यात खालचं, हे ऐकून मला बरं वाटलं. मग मी विचारलं, "आणि मला?"

ते गोंधळले. "अर्ज एकाच माणसाचा असतो. त्या निळ्या निशाणाची गोष्ट मात्र नीट लिहा. ते त्यांच्या लक्षात आलं, जीव वाचला. त्यावरच सगळं उभं आहे. महिनाअखेरीच्या आत द्या."

म्हणजे तिला मान मिळायचा तर तो माझ्या डोळ्यांवर मिळणार होता, आणि ते डोळे तिचे होते असं मीच सही करून सांगायचं होतं. खरं लिहिलं तर अर्ज पडेल. काहीच लिहिलं नाही तरी पडेल. मला दोन्ही सोयीचं होतं.

आधी मी रागाने लिहिलं. मराठीत, कारण मला दुसरं काही लिहिता येत नाही. सून ते डचमध्ये करणार होती. मी कागद फोनसमोर धरला आणि वाचून दाखवला.

सून बराच वेळ ओठ चावत होती. "आई, हे रेकमेंडेशन लेटर आहे ना? तिच्यासाठी?"

"मग?"

"यात तुम्हीच आहात. अठ्ठेचाळीस निशाणं, कंबर, अस्तराचं कापड, मोतीबिंदूचं ऑपरेशन. तिचं नाव दुसऱ्या पानावर येतंय, तेही ती आता बोलत नाही म्हणून."

"मी होतेच तिथे."

"हो, पण तुम्हाला कुणी नॉमिनेट नाही केलंय."

पुण्याची माणसं असंच बोलतात, चाकू फिरवतात आणि वर हसतात. मी फोन बंद केला. कागद तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. मास्तर खालून दोनदा हात करून गेले. मी त्यांना दोनदा मान हलवून दाखवली, होकाराची का नकाराची ते त्यांनी ठरवायचं. घरात बसून मी शेजारणीचा तवा ऐकायची आणि मनात म्हणायची, वाजव, वाजव, तुझं पदक माझ्या तांदळात आहे.

आठव्या दिवशी दूध आणायला निघाले तर म्हाताऱ्याचं दार उघडं होतं. एक तरुण जोडपं राहायला आलं होतं, पोलंडचं. पोरगी खिडकीला पडदा लावत होती. मला पाहून तिने कठड्याकडे बोट केलं. "आजी, सगळ्यांनी ही फडकी का लावली आहेत?"

मी सांगितलं. "या दाराचंही शिवून ठेवलंय, ते देते, हिरवं, छत्रीचं. सकाळी दहाच्या आत लावायचं. नाही लावलंस तर कॅप्टन येऊन दार फोडेल."

"कॅप्टन कोण?"

"ती. त्या दारातली."

"आणि आधी इथे कोण राहायचं?"

पिशवी घेऊन उभी राहिले. म्हातारा तीन दिवस आत होता तेव्हाही माझ्या हातात हीच दुधाची पिशवी होती. जाताना टीव्हीचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी आला, दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी मी मनात म्हटलं, हा किती मोठ्याने टीव्ही लावतो. एवढंच म्हटलं आणि पुढे गेले.

परत आले, तांदळाच्या डब्यातला कागद काढून फाडला आणि नवा घेतला. या वेळी अर्धं पानच झालं. शेजारणीने काय काय केलं ते आधी लिहिलं. मग हे लिहिलं:

"निळं निशाण नव्हतं हे मी पाहिलं, तिने नाही. पेपरात चूक आलं. पण माझ्या दारापासून तिसऱ्या दारात माणूस मरून पडला होता तेव्हा मी तीन दिवस दुधाची पिशवी घेऊन त्या दारावरून गेले आणि मला काही दिसलं नाही. डोळे हेच होते. कुठे बघायचं ते तिने नंतर शिकवलं. म्हणून मान तिला द्या. निशाणं मी शिवली आहेत."

सुनेने ऐकलं. या वेळी ती हसली नाही. "शेवटचं वाक्य ठेवायचं?"

"ठेव. आणि त्याच्या आधीचं काही बदललंस तर मला कळेल."

"कसं कळेल? तुम्हाला डच वाचता येत नाही."

"तुझ्या तोंडावरून कळेल."

पत्र गेलं. नंतर पूर्ण हिवाळा गेला. दुकानं पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली. निशाणं पावसात भिजली, वाळली, उडली. आमचं बोलणं बंदच. लस घ्यायला एकाच दिवशी गेलो आणि दोन वेगवेगळ्या रांगांत उभ्या राहिलो.

एप्रिलमध्ये एका सकाळी मास्तरांनी सगळ्यांना कठड्याशी उभं राहायला सांगितलं. महापौर आले, गळ्यात साखळी, मास्क लावलेला. शेजारणीला खाली बोलावलं. तिला वाटलं तव्याच्या आवाजाची कुणीतरी तक्रार केली. ती भांडायच्या तयारीत, तवा घेऊनच खाली उतरली. महापौर बोलायला लागले तसा तिचा तवा हळूहळू खाली आला.

त्यांनी तिचं काम वाचून दाखवलं. मग म्हणाले, एका शेजाऱ्याने लिहिलं आहे, आणि माझं वाक्य वाचलं. तीन दिवस दुधाची पिशवी घेऊन दारावरून गेले आणि काही दिसलं नाही, तेच डोळे, कुठे बघायचं ते हिने शिकवलं. मी वाट पाहिली. निळं कुणी पाहिलं ते त्यांनी वाचलं नाही. निशाणं कुणी शिवली तेही वाचलं नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.

एरवी पदक महापौर लावतात. करोनात त्यांना जवळ जायची परवानगी नव्हती, घरच्या माणसाने लावायचं होतं. तिची मुलगी लंडनहून फोनमध्ये रडत होती, ती कशी लावणार? महापौरांनी विचारलं, कुणी जवळचं आहे का?

शेजारणीने वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. मी बिबट्याच्या मागे उभी होते.

"ती," ती म्हणाली. "बिबट्या चोरणारी."

लोक हसले. मी खाली गेले. नाही गेले असते तर तमाशा झाला असता. छोट्या डबीत पदक होतं. बायकांच्या पदकाला फितीची गाठ बांधलेली असते, फुलपाखरासारखी. नारिंगी, कडेला निळी-पांढरी रेघ. मी आधी गाठीचे टाके पाहिले. साधे होते, मी याहून चांगले घातले असते. तिचा झगा जाड छापील कापडाचा होता, पिन आत शिरेना. मला दोन बोटं तिच्या गळ्यातून आत घालून कापड ताणावं लागलं.

"पत्र तूच लिहिलंस," ती मास्कमधून पुटपुटली. "दूध तूच आणतेस."

"हलू नकोस, टोचेल."

"निळ्याचं लिहिलंस?"

"लिहिलं. त्यांनी वाचलं नाही."

पिन बसली. मी पदक सरळ केलं. वाकडं लावावं असं मनात येऊन गेलं, पण हाताला ती सवय नाही.

"तुझ्यावर दंड आहे," ती म्हणाली. "बिबट्याचा. आमच्याकडे एक मेंढी आणि एक बाटली."

"मेंढी मी कुठून आणू?"

"मेंढी सोडली. बाटली आण. आणि बिबट्या उसव."

सगळे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं आम्ही काहीतरी गोड बोलतो आहोत.

बाटली म्हणजे इथलीच हॉलंडची दारू, चौकोनी हिरव्या बाटलीतली. तिच्या गावात पितरांना हीच चालते, फार जुन्या काळापासून जहाजाने जाते. मी जन्मात दारू विकत घेतली नव्हती. दुकानदाराने विचारलं, भेट द्यायची आहे का, कागदात बांधू? मी म्हटलं, दंड आहे, तशीच द्या.

तिने गॅलरीत आपल्या दारासमोर उभं राहून ती थोडी थोडी जमिनीवर ओतली. आपल्या भाषेत बापाला हाक मारली, कंपनीला हाक मारली, मग माझ्याकडे हात करून काहीतरी बोलली आणि पुन्हा ओतली.

"माझं काय सांगितलंस?"

"सांगितलं की ही शिंपीण. निळं हिने पाहिलं. निशाणं हिने शिवली."

"मेलेल्यांना सांगून काय उपयोग? महापौराला सांगायचं होतंस."

"महापौर दर काही वर्षांनी बदलतो," ती म्हणाली.

खालून मास्तरांचा आवाज आला, "वरून काय गळतंय?" आम्ही दोघी आत गेलो. बाटलीत राहिलेली तिने प्यायली. मी चहा घेतला.

पदक तिच्या सोफ्याच्या वर, बापाच्या निशाणाखाली, काचेच्या चौकटीत आहे. मी गेले की माझी नजर तिकडे जाते आणि मला अजून लागतं. ती चहा करायला आत गेली की मी एकदा जवळ जाऊन बघते. गाठीचे टाके आता सैल पडले आहेत. दुरुस्त करून देऊ का, असं मी तिला विचारलेलं नाही.

बिबट्या मी त्याच आठवड्यात उसवला, दोन्ही बाजूंनी, एकेक टाका. वर्षभराच्या उन्हापावसाने बाकीचं हिरवं पार उडालं होतं, पण बिबट्याच्या तुकड्यांखालचं कापड नव्यासारखं गडद निघालं. पाय, कान, वळलेली शेपटी, सगळं दिसतं. नवीन कापड कापायला मला काही अडलं नव्हतं. मी तेच रोज दहाला कठड्याला लावते. ती तवा घेऊन बाहेर येते, दोन ठोके देते आणि त्याच्याकडे पाहते. अजून तरी तिने दुसरी बाटली मागितलेली नाही.